शिरोरेघ ऐकू येते तेव्हा : आवाजातून चित्र काढण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातील वारंवारता वेळेनुसार मांडणारे चित्र, कसा वाचावा हे सांगताना शेवटी एक वाक्य ओझरते लिहिले होते : हाच प्रवास उलट्या दिशेनेही करता येतो, म्हणजे आधी चित्र ठरवायचे आणि मग एखाद्या लहानशा मायक्रोकंट्रोलरकडून, म्हणजे एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाकडून, असे सूर वाजवून घ्यायचे की पडद्यावर तेच चित्र उमटावे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. आवाजातून चित्र निघते हे वर्गात सांगितल्यावर मुलांनी विचारले, "पण मग चित्र नक्की कुठे असते? आवाजात असते की संगणकात?" मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

उत्तर : मुलांचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. चावी दिली की वाजणारी जुनी संगीतपेटी आठवा. तिच्या फिरत्या रुळावर बारीक खिळे बसवलेले असतात. रुळाच्या लांबीवरील खिळ्याची जागा कोणता सूर वाजायचा हे ठरवते आणि परिघावरील जागा तो केव्हा वाजायचा हे ठरवते. तो रूळ उलगडून सपाट केला, तर खिळ्यांची एक नक्षी दिसेल. स्पेक्ट्रोग्राम हा असा उलगडलेला रूळच आहे. त्याच्या आडव्या अक्षावर वेळ असते, उभ्या अक्षावर वारंवारता असते आणि एखादा ठिपका किती उजळ आहे यावरून त्या क्षणी त्या वारंवारतेचा जोर किती होता हे कळते. चित्र आवाजात असते, पण या दोन अक्षांवर मांडल्यावाचून ते दिसत नाही. कान तीच माहिती घेतात, परंतु तिची मांडणी अशी करत नाहीत, म्हणून ऐकताना आपल्याला फक्त विचित्र शिट्ट्यांचा समूह जाणवतो.

ही कल्पना घरोघरच्या संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. रशियन अभियंता येवगेनी मुर्झिन यांनी बांधलेल्या 'एएनएस' नावाच्या यंत्रात काळ्या लेपाने माखलेल्या काचेवर लेप खरवडून रेघा काढत आणि त्या रेघांतून जाणाऱ्या प्रकाशाने ७२० शुद्ध सुरांपैकी नेमके हवे ते वाजत. आज तेच काम आपण हाताच्या पंजात मावणाऱ्या बोर्डाकडून करून घेतो.

वर्गात एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यातच आहेत. सूर जितका आखूड, तितकी त्याची रेघ जाड. १००० हर्ट्झचा सूर १० मिलिसेकंदच वाजला, तर तेवढ्या वेळात त्याची जेमतेम १० कंपने होतात. मोजताना एका कंपनाचा फरक पडला, तरी वारंवारतेत १०० हर्ट्झची चूक होते. म्हणून १० मिलिसेकंदांच्या सुराची रेघ साधारण १०० हर्ट्झ जाड दिसते आणि ५० मिलिसेकंदांच्या सुराची साधारण २० हर्ट्झ. हा बोर्डाचा दोष नाही आणि प्रोग्रॅमचाही नाही, तो तरंगांचा स्वभाव आहे. कितीही महाग उपकरण आणले, तरी यातून सुटका नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच, की चित्र काढण्याची घाई करायची नाही.

प्रश्न : मी आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला बझर (सूर काढणारा लहान भाग) जोडून माझे नाव 'काढले'. अक्षरे ओळखू येतात, पण ती तिरकी आहेत, काही अरुंद तर काही रुंद आहेत, आडव्या रेघा तुटक येतात आणि मुख्य म्हणजे वरच्या बाजूला त्याच नावाची आणखी दोन-तीन ताणलेली भुते दिसतात. कुठे चुकले?

उत्तर : आपण प्रत्येक दोष नेमका टिपला आहे, त्यामुळे प्रोग्रॅम न पाहताही बरेच सांगता येते. आपण 'टोन' हे तयार फंक्शन वापरले असणार. उनोवर ते एका वेळी एकच सूर वाजवू शकते आणि तो सूर चौकोनी तरंगाचा असतो, म्हणजे बझर जोडलेली बोर्डाची पिन ठरावीक गतीने नुसती चालू आणि बंद होत राहते. आपल्या चारही तक्रारींचा उगम या दोन गोष्टींत आहे.

आधी भुतांकडे वळू. चौकोनी तरंग म्हणजे एकटा सूर नव्हे. मूळ वारंवारतेबरोबर तिची तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींतल्या वारंवारताही त्यात असतात आणि त्यांचा जोर अनुक्रमे मूळच्या एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश असतो. कानाला ते फक्त थोडे कर्कश वाटते, पण स्पेक्ट्रोग्राम उजळपणा डेसिबलमध्ये दाखवतो आणि एक तृतीयांश जोर म्हणजे केवळ साडेनऊ डेसिबलची घट. त्यामुळे तिपटीचे चित्र जवळजवळ मूळ चित्राइतकेच ठळक उमटते. चित्र चौकटींत आखलेले असते : प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक वारंवारता आणि प्रत्येक उभा स्तंभ म्हणजे वेळेचा एक तुकडा. शिवाय प्रत्येक ओळीची वारंवारता तिप्पट झाल्याने ते उंचीलाही तिप्पट ताणलेले असते. आपल्याला दिसलेली भुते हीच. दुप्पट आणि चौपट जागीही ती दिसत असतील, तर पिन चालू राहण्याचा आणि बंद राहण्याचा काळ समान नाही असे समजावे. 'टोन' ऐवजी स्वतः विलंब मोजून पिन हलवली की असे बहुधा होते.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे वारंवारतांचा पट्टा नीट निवडणे. चित्राची वरची कड खालच्या कडेच्या तिपटीपेक्षा कमी ठेवली की पहिले भूत चित्राच्या वरच सुरू होते. मी स्वतः १६०० ते ३८०० हर्ट्झ हा पट्टा वापरतो. १६०० ची तिप्पट ४८००, म्हणजे ३८०० च्या बरीच वर. मग पडद्यावरची कमाल मर्यादा ४००० हर्ट्झ ठेवली की भुते चौकटीबाहेर जातात. ती नाहीशी होत नाहीत, पण चित्राला स्पर्शही करत नाहीत.

अक्षरे कमी-जास्त रुंद येण्याचे कारण बहुतेक नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये सापडते. स्तंभातील भरलेल्या चौकटीला सूर वाजवायचा आणि रिकामी चौकट सरळ सोडून द्यायची, असे लिहिले की जास्त चौकटी भरलेला स्तंभ जास्त वेळ खातो आणि रिकामा स्तंभ क्षणात संपतो. रिकाम्या चौकटीलाही तेवढीच शांतता द्यावी लागते. आणखी एक खुबी लक्षात ठेवा : 'टोन'ला कालावधी दिला, तरी प्रोग्रॅम त्या कालावधीपुरता थांबत नाही, तो लगेच पुढच्या ओळीवर जातो आणि पुढचा सूर आधीच्याला मध्येच तोडतो. म्हणून प्रत्येक 'टोन'नंतर तेवढाच विलंब स्वतंत्रपणे लिहावा लागतो.

आता तिरकेपणा. स्तंभातील १२ ओळी एकामागून एक वाजत असतील, तर शेवटची ओळ पहिलीच्या जवळजवळ एक स्तंभभर उशिरा वाजते. खालून वर वाजवल्यास अक्षरे उजवीकडे झुकतात आणि वरून खाली वाजवल्यास त्यांचा माथा डावीकडे कलतो. हेच कारण तुटक रेघांचेही आहे. २० मिलिसेकंदांचा एक सूर आणि १२ ओळी धरल्या, तर एक स्तंभ २४० मिलिसेकंदांचा होतो. त्यात आडव्या रेघेच्या वाट्याला फक्त २० मिलिसेकंद येतात आणि बाकी २२० मिलिसेकंद ती गप्प असते. मग ती ठिपक्यांचीच दिसणार.

इथे विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रॅमची मदत घेता येते. तो सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेत असेल आणि त्याच्या खिडकीचा आकार १०२४ नमुने असेल, तर तो एका वेळी २३ मिलिसेकंदांचा तुकडा पाहतो आणि त्याला प्रत्येक ठिपका सुटा दिसतो. खिडकी ८१९२ नमुन्यांची केली की तो १८६ मिलिसेकंद एकत्र पाहतो. मग शेजारच्या दोन स्तंभांतले ठिपके एकमेकांकडे पसरून रेघ सलग होऊ लागते आणि तिरकेपणाही बराच विरतो. उभी रेघ मात्र थोडी फुगते. बझर आणि 'टोन' यांच्या जोडीकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरा उपाय पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : इंग्रजी अक्षरांचे तयार नमुने सगळीकडे मिळतात. देवनागरी अक्षरे याच पद्धतीने काढता येतील का? मी प्रयत्न केला, तर शिरोरेघच नीट येत नाही.

उत्तर : काढता येतात, आणि मला तर देवनागरी या कामाला अधिक शोभते असे वाटते. शिरोरेघ म्हणजे संपूर्ण शब्दभर टिकणारा एकच उंच, स्थिर सूर. त्याखाली अक्षरांचे सूर येतात आणि जातात. अडचण एवढीच, की शिरोरेघ वाजत असतानाच खालचे सूरही वाजले पाहिजेत, म्हणजे एका वेळी अनेक सूर हवेत. 'टोन' इथे कामाचे नाही.

त्यासाठी सूर आपणच घडवावे लागतात. मायक्रोकंट्रोलरच्या स्मृतीत साइन तरंगाच्या, म्हणजे एकाच शुद्ध वारंवारतेच्या तरंगाच्या, एका आवर्तनाचे २५६ आकडे ठेवायचे. प्रत्येक सुरासाठी १६ बिटांचा एक मोजणारा कप्पा ठेवायचा, दर नमुन्याला त्यात ठरावीक भर घालायची आणि त्याच्या वरच्या ८ बिटांनी तक्त्यातला आकडा उचलायचा. सेकंदाला १६,००० नमुने ठरवले, तर भर काढण्याचे सूत्र असे : वारंवारता गुणिले ६५,५३६ भागिले १६,०००. १००० हर्ट्झसाठी ही भर नेमकी ४०९६ येते. भरीत एकाचा फरक केला की सूर पाव हर्ट्झहूनही कमी सरकतो, म्हणजे आपल्या कामाला ही अचूकता भरपूर झाली. चालू असलेल्या सर्व सुरांचे आकडे मिळवायचे, बेरीज ८ बिटांत बसेल इतकी लहान करायची आणि पीडब्ल्यूएम पिनवर (जी भराभर चालू-बंद होऊन हवे तेवढे सरासरी व्होल्टेज देते) सोडायची. उनोच्या चिपमधील घड्याळाचा ठोका १६ मेगाहर्ट्झचा असल्याने पीडब्ल्यूएम ६२.५ किलोहर्ट्झवर चालवता येते. ही वारंवारता ऐकू येत नाही आणि साध्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीने बरीचशी गाळता येते.

एवढे काम त्या लहानशा चिपला झेपते का, अशी शंका येणे साहजिक आहे. १६ मेगाहर्ट्झ भागिले १६,००० म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे १००० ठोके मिळतात. प्रोग्रॅम नीटनेटका लिहिला, तर एका सुराला साधारण तीस-चाळीस ठोके लागतात. म्हणजे १२ सूर एकत्र वाजवूनही निम्म्याहून अधिक वेळ हाताशी उरतो.

'न' हे अक्षर घेऊन पाहू. १२ ओळी, सर्वांत खालची १६०० हर्ट्झवर, प्रत्येक पुढची २०० हर्ट्झने वर, म्हणजे सर्वांत वरची ३८०० वर. ८ स्तंभ, प्रत्येक १२० मिलिसेकंदांचा. पहिल्या स्तंभात एकटी शिरोरेघ, म्हणजे ३८०० चा सूर. दुसऱ्या स्तंभात तो सूर चालूच, आणि मधल्या तीन ओळींचे सूर एकत्र येऊन 'न'ची डावीकडची गाठ काढतात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत शिरोरेघ आणि तिच्या खालची आडवी रेघ, असे दोनच सूर. सातव्या स्तंभात उभा दंड, म्हणून बाराही सूर एकदम. आठव्यात पुन्हा एकटी शिरोरेघ. ऐकताना असे वाटते की एक बारीक, उंच सूर लागला आहे, त्याला खालून एक सोबती मिळाला, मग सगळ्यांचा मिळून एक खरखरीत झोत आला आणि पुन्हा तो पहिला सूर एकटाच उरला. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते. थोड्या सरावाने पडद्याकडे न पाहताही दंड कुठे आला हे ओळखता येऊ लागते आणि ज्या क्षणी ते पहिल्यांदा जमते, त्या क्षणाचा आनंद काही वेगळाच असतो.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, दोन स्तंभांमधून सलग जाणारा सूर स्तंभ बदलताना बंद करून पुन्हा सुरू करू नका. तसे केले की शिरोरेघेवर गाठी पडतात. मोजणारा कप्पा शून्यावर न आणता तसाच पुढे चालू द्या. दुसरी, सूर एकदम सुरू किंवा बंद केला की 'टक्' असा आवाज येतो आणि चित्रात खालपासून वरपर्यंत एक फिकट उभी रेघ उमटते. जोर चार-पाच मिलिसेकंदांत हळूहळू चढवला आणि उतरवला की ती जवळजवळ दिसेनाशी होते. तिसरी, बाराही सुरांचे कप्पे एकाच आकड्यापासून सुरू करू नका. सगळ्यांची शिखरे एकाच वेळी आली की बेरीज मर्यादेबाहेर जाते, तरंगाचा माथा कापला जातो आणि नको त्या जागी ठिपके पडतात. प्रत्येकाला सुरुवातीचा आकडा वेगळा, वाटेल तसा द्या.

जागेची काळजी करू नये. १२ ओळींचा स्तंभ दोन बाइटांत बसतो, म्हणजे 'न'ला १६ बाइट लागतात आणि ५० अक्षरांचा संच ८०० बाइटांत मावतो. उनोची कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट असल्याने हे नमुने ३२ किलोबाइटच्या फ्लॅश स्मृतीतच ठेवावेत.

प्रश्न : अक्षरांऐवजी करड्या छटांचे छायाचित्र काढता येईल का?

उत्तर : येईल, पण छटा थोड्याच ठेवा. सुराचा जोर निम्मा केला की तो ६ डेसिबलने उतरतो, आणि तक्त्यातला आकडा एक बिट उजवीकडे सरकवणे म्हणजेच जोर निम्मा करणे. त्यामुळे गुणाकार न करता चार छटा सहज मिळतात. पडदाही डेसिबलमध्येच उजळपणा दाखवत असल्याने या पायऱ्या डोळ्यांना समान वाटतात. चेहरा निवडणार असाल, तर पार्श्वभूमी पूर्ण काळी करा, कारण शांतता हाच आपल्याकडचा सर्वांत स्वच्छ रंग आहे.

प्रश्न : बझर लावल्यावर कोणतीही वारंवारता दिली, तरी एकच सूर येतो. तसेच बोर्डाची पिन थेट संगणकाच्या माइकच्या खाचेत जोडली तर चालेल का?

उत्तर : आपल्याकडे 'अ‍ॅक्टिव्ह' बझर आहे. त्याच्या पोटातच सूर निर्माण करणारे मंडल असते, त्यामुळे तो आपले ऐकत नाही. 'पॅसिव्ह' बझर किंवा लहान स्पीकर घ्या आणि स्पीकर घेतल्यास पिनच्या वाटेत रेझिस्टर जरूर ठेवा. पिझो बझर ठरावीक वारंवारतेच्या आसपास फार मोठ्याने वाजतो, त्यामुळे चित्रातल्या एक-दोन ओळी विनाकारण चमकतात. स्पीकरने हा दोष बराच कमी होतो.

पिन थेट माइकच्या खाचेत मुळीच जोडू नका. पिनवर ५ व्होल्ट असतात आणि ती खाच त्याच्या लहानशा अंशासाठी बनवलेली असते. १० किलोओहम आणि १ किलोओहम या दोन रेझिस्टरांच्या विभाजकाने ५ व्होल्टचे अर्ध्या व्होल्टपेक्षा किंचित कमी होतात. ते वाटेत एक कपॅसिटर ठेवून लाइन-इनच्या खाचेत द्यावेत. माइकच्या खाचेसाठी ते आणखी कमी करावे लागतात. शंका असेल, तर सरळ स्पीकरसमोर माइक ठेवून नोंद घ्या, चित्र तेवढेच ओळखू येते.

प्रश्न : माझ्या संगणकावर चित्र सुंदर दिसले. तीच ध्वनिफीत मित्राला फोनवरून पाठवली, तर त्याच्याकडे अक्षरे वरून दबलेली आणि धूसर दिसली.

उत्तर : दबलेली दिसण्याचे कारण बहुधा मित्राच्या प्रोग्रॅममधील उभ्या अक्षाचे माप आहे. आपण ओळी समान अंतरावर ठेवल्या आहेत, म्हणून माप 'लिनियर' हवे. ते 'मेल' किंवा 'लॉगरिदमिक' असेल, तर वरच्या वारंवारता एकमेकींजवळ ओढल्या जातात. धूसरपणा फाइलचा आकार लहान करण्याच्या प्रक्रियेतून आला असणार. ती प्रक्रिया माणसाच्या कानाला जे फारसे जाणवत नाही ते टाकून देते आणि आपले चित्र तर कानासाठी काढलेलेच नाही. फाइल वेव्ह स्वरूपात, आहे तशी पाठवा.

प्रश्न : हौशी रेडिओवाले आवाजातून रंगीत चित्रे पाठवतात, ती हीच पद्धत का? आणि ते आर्डुइनोने जमेल का?

उत्तर : ती पद्धत वेगळी आहे, आणि एका अर्थाने मायक्रोकंट्रोलरला अधिक सोयीची आहे. तिला स्लो-स्कॅन टेलिव्हिजन म्हणतात आणि कॉप्थॉर्न मॅकडॉनल्ड यांनी ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. आपल्या पद्धतीत सुराची उंची म्हणजे ठिपक्याची जागा. तिथे सुराची उंची म्हणजे ठिपक्याचा उजळपणा : १५०० हर्ट्झ म्हणजे काळा, २३०० म्हणजे पांढरा, मधल्या छटा मध्ये, आणि १२०० हर्ट्झचा छोटा सूर म्हणजे ओळ जुळवण्याची खूण. ठिपक्याची जागा केवळ वेळेवरून ठरते. त्यामुळे एका वेळी एकच सूर पुरतो. आपल्या स्पेक्ट्रोग्रामवर मात्र त्या ध्वनीत चित्र दिसणार नाही, त्यासाठी तो उलगडणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो.

'मार्टिन १' या प्रचलित प्रकारात ३२० गुणिले २५६ ठिपक्यांचे चित्र ११४ सेकंदांत जाते आणि प्रत्येक ओळीत आधी हिरवा, मग निळा, मग लाल रंग पाठवला जातो. एका ठिपक्याच्या वाट्याला ०.४५७६ मिलिसेकंद येतात. १५०० हर्ट्झच्या एका कंपनाला ०.६६७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एक कंपन पुरे होण्याआधीच पुढचा ठिपका येतो. सूर थांबवून पुन्हा सुरू करणारी कोणतीही युक्ती इथे साफ कोसळते. वर सांगितलेला मोजणारा कप्पा अखंड चालू ठेवून फक्त भर बदलत गेले, तर मात्र काम होते.

घड्याळाकडेही लक्ष द्या. उनोवरील मुख्य चिपला ठोके देणारा सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो क्वार्ट्झ स्फटिकाइतका अचूक नसतो. वेळेत हजारात एकाची चूक झाली आणि उलगडणाऱ्या प्रोग्रॅमने ती सावरली नाही, तर २५६ ओळींमध्ये ती साचत जाऊन चित्राची तळाची ओळ वरच्या ओळीच्या मानाने एका ओळीच्या लांबीच्या चतुर्थांशाहून अधिक सरकते आणि सगळे चित्र तिरके होते. क्वार्ट्झ असलेला बोर्ड घ्या, किंवा बिनचूक घड्याळाशी ताडून प्रोग्रॅममधला ओळीचा काळ दुरुस्त करा.

बोर्डाचा स्पीकर आणि शेजारी ठेवलेला फोन एवढ्यावर हा प्रयोग घरात पूर्ण होतो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. रेडिओवरून पाठवायचे असेल, तर हौशी रेडिओचा परवाना काढूनच पाठवा. तोवर ऐकण्याचा सराव करता येईल : आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अशी चित्रे पाठवली जातात आणि स्थानक डोक्यावरून जात असताना ती साध्या रिसीव्हरवरही पकडता येतात.